छापखान्याची पायरी चढण्याआधी: सांगलीतल्या नवख्यांसाठी कागद-छपाईचे शब्द

सांगलीत छापून घ्यायचं काम बारा महिने निघतं. हळदीच्या अडत दुकानाचं बिलबुक, तासगावच्या बेदाण्याच्या खोक्यावरचं लेबल, भावे नाट्यमंदिरातल्या कार्यक्रमाची तिकिटं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, नाहीतर आजोबांच्या कवितांचा संग्रह. काम घेऊन आलेला माणूस काउंटरवर कोपर टेकतो आणि म्हणतो, "जरा जाड कागद घाला, आणि काम झकास दिसलं पाहिजे." प्रेसवाला मान डोलावतो. पण 'जाड' आणि 'झकास' या दोन शब्दांवरून त्याला ना कागद काढता येतो, ना दर सांगता येतो. मग तो त्याच्या गोदामात जे पडलंय त्यातलं काढतो.

छपाईच्या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे कुणीतरी घ्यायचा एक निर्णय असतो आणि त्याला पैसे लागतात. तुम्ही घेतला नाहीत तर तो प्रेसवाला घेतो, आपल्या सोयीनं. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. त्याला मशिन थांबवून ठेवणं परवडत नाही, इतकंच. म्हणून हे शब्द कागद ज्या वाटेनं जातो त्या क्रमानं शिकावेत: गिरणी, कागदाचं दुकान, संगणक, मशिन, बायंडर.

पायरी पहिली: कागद हातात घेऊन ओळखा

पाण्यात सुट्टे केलेले वनस्पतीचे तंतू जाळीवर पसरायचे, पाणी निथळू द्यायचं, दाबायचे, वाळवायचे. झाला कागद. हातानं केला तर हातकागद, यंत्रावर केला तर मिलचा. पाण्यातल्या त्या तंतूंना लगदा म्हणतात. आपल्याकडच्या गिरण्या बांबू, निलगिरी, सुबाभूळ, रद्दी आणि उसाचं चिपाड यांचा लगदा करतात. चिपाड आपल्या भागाला नवीन नाही. साखर कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात आणि त्यातलं बरंचसं बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज होते. कागदाला घ्यायचं तर आधी त्यातला भुसभुशीत गर काढून टाकावा लागतो, कारण गराला तंतूची ताकद नसते आणि तो जाळीवर पाणी धरून बसतो. बगॅसचा तंतू आखूड. त्यामुळे असा कागद छापायला सपाट मिळतो, पण फाटायला सोपा. ताकद हवी असेल तिथे लांब तंतूचा लगदा मिसळतात.

लगदा दोन वाटांनी होतो. लाकूड नुसतं दळून केला तर यांत्रिक लगदा. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. ऊन-हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं, म्हणून वर्तमानपत्र खिडकीत चार दिवस राहिलं तरी रंग बदलतं. रसायनात शिजवून लिग्निन विरघळवलं की रासायनिक लगदा. ठेवणीतलं पुस्तक, प्रमाणपत्र, वंशावळ असलं काही छापायचं असेल तर रासायनिक लगद्याचाच कागद मागा. पाकिटावर 'वूडफ्री' दिसलं तर यांत्रिक लगदा नाही एवढाच त्याचा अर्थ. कागद लाकडाचा असू शकतो.

पुढे लगदा पांढरा करतात, ते विरंजन. तंतू कुटून त्यांना पकड येईलसं करतात, ते बीटिंग किंवा रिफायनिंग. शाई फुटू नये म्हणून राळ-तुरटी किंवा दुसरी रसायनं घालतात, ते साइझिंग. कागद अपारदर्शक आणि गुळगुळीत व्हावा म्हणून चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट घालतात, ते फिलर. यातलं साइझिंग ग्राहकाला स्वतः तपासता येतं. कागदाच्या तुकड्यावर फाउंटन पेननं एक रेघ ओढा. शाईला मिशा फुटल्या तर साइझिंग कमी आहे. ज्या बिलबुकावर रोज पेन चालणार आहे त्याला तो कागद नको.

यंत्रावर लगदा ओल्या पातळ थरात हलत्या जाळीवर पडतो. मग दाबाचे रूळ, मग वाफेनं तापलेले ड्रायर, शेवटी पॉलिशचे रूळ, त्यांना कॅलेंडर म्हणतात. जाळी पुढे धावत असते, त्यामुळे बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेलाच वळून पडतात. हीच कागदाची ग्रेन. नवख्या माणसानं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण ग्रेन ठेवावी. ग्रेनच्या दिशेनं कागद सरळ फाटतो आणि छान दुमडतो. आडव्या दिशेनं फाडला तर वाकडातिकडा जातो आणि घडीवर तडकतो. दमट हवेत कागद फुगतो तोही मुख्यतः ग्रेनच्या आडव्या दिशेला.

ओळखायची युक्ती: पोस्टकार्डाएवढा तुकडा कापा, एका बाजूला ओलं बोट फिरवा. कागद नळीसारखा गुंडाळू लागेल. त्या नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेनची दिशा. पुस्तकात ग्रेन नेहमी पाठीला समांतर हवी, म्हणजे वरून खाली. उलटी गेली तर पुस्तक उघडं राहत नाही, पानं ताठ उभी राहतात आणि पाठीजवळ लाटा येतात. अशी पुस्तकं दुकानात कितीतरी दिसतात. लोक बायंडरला नावं ठेवतात, पण दोष कागद कापतानाच झालेला असतो.

दुकानात कागदाची नावं अशी ऐकू येतील. क्रीमवोव्ह हा स्वस्त, थोडा मळकट पांढरा. वह्या, बिलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका. मॅपलिथो त्याच्यापेक्षा पांढरा आणि सपाट; पुस्तकं, लेटरहेड. नॅचरल शेड हा पिवळसर मॅपलिथोच, डोळ्याला थंड. कथा-कविता-कादंबरीला मी हाच सुचवीन. पांढराशुभ्र कागद पुस्तकाला ऑफिसची फाइल करून टाकतो. आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो, फोटो त्यावर उठून दिसतात. तो चकचकीत आणि मॅट अशा दोन्ही तऱ्हांत येतो. त्याच जातीतलं जाड ते आर्ट कार्ड. मुखपृष्ठ, व्हिजिटिंग कार्ड. डुप्लेक्स बोर्ड एका बाजूनं पांढरा आणि दुसऱ्या बाजूनं करडा; मिठाईचे आणि औषधांचे डबे. क्राफ्ट म्हणजे तपकिरी, दणकट. बेदाण्याचं, द्राक्षाचं खोकं कोरुगेटेड असतं: दोन सपाट क्राफ्टच्या मधे नागमोडी थर असेल तर तीन प्लाय, असे दोन नागमोडी थर असतील तर पाच. थप्पी किती उंच लावणार हे सांगितल्याशिवाय प्लाय ठरवू नका.

पायरी दुसरी: जाडी नव्हे, जीएसएम सांगा

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. पुस्तकाच्या आतली पानं साधारण 60 ते 80, लेटरहेड 90 ते 100, मुखपृष्ठ 250 ते 300, व्हिजिटिंग कार्ड 300 च्या आसपास. जीएसएम हे वजन झालं. जाडी वेगळी, ती मायक्रॉनमध्ये मोजतात. आर्ट पेपर रुळांखालून घट्ट दाबून निघतो, म्हणून 90 जीएसएमचा आर्ट पेपर 80 च्या मॅपलिथोपेक्षा बोटाला पातळ लागतो. वजनाच्या मानानं कागद फुगीर किती, त्याला बल्क म्हणतात. कमी पानांचं पुस्तक भरीव दिसावं असं वाटत असेल तर जीएसएम वाढवू नका, जास्त बल्कचा कागद विचारा. पोस्टाचा खर्च वाढत नाही.

पाठीमागची छपाई पुढून दिसते का, तो अपारदर्शकतेचा प्रश्न. प्रेसमध्ये याला नुसतं "मागचं दिसतं" म्हणतात. छापलेलं पान दुसऱ्या छापलेल्या पानावर ठेवून पाहा. दिव्यासमोर धरून पाहू नका, दिव्यासमोर सगळंच दिसतं.

सांगितलेला जीएसएम खरंच मिळाला का, हे घरी तपासता येतं. ए-फोर आकाराचे बरोबर 16 कागद म्हणजे एक चौरस मीटर, कारण ए-झीरो हा मूळ कागद एक चौरस मीटरचा आणि चार वेळा निम्मा केला की ए-फोर. त्यामुळे ए-फोरचे 16 कागद काट्यावर ठेवले की जेवढे ग्रॅम तेवढा जीएसएम. 80 चा कागद 74 भरला तर दुकानदाराला विचारायला तुमच्याकडे आकडा असतो. ग्रॅमचा काटा घरी नसेल तर ओळखीच्या सराफाकडं जा.

आता मोजदाद. एका सुट्या मोठ्या कागदाला ताव म्हणतात. शाळेत 24 तावांचा दस्ता आणि 20 दस्त्यांची रीम, म्हणजे 480 ताव, असं पाठ केलेलं असेल. छपाईच्या बाजारात आज रीम 500 तावांची धरतात. कार्ड आणि बोर्ड पाकिटात येतात आणि पाकिटात ताव किती ते कंपनीगणिक बदलतं, विचारून घ्या.

कागदाचा भाव किलोवर असतो, म्हणून रीमचं वजन काढता आलं पाहिजे. तावाची लांबी गुणिले रुंदी इंचात, गुणिले जीएसएम, भागिले 3100. उत्तर 500 तावांचं वजन किलोत. 23 बाय 36 इंचाचा, 70 जीएसएमचा ताव घ्या: 23 गुणिले 36 म्हणजे 828, गुणिले 70 म्हणजे 57,960, भागिले 3100 म्हणजे 18.7 किलो. हे गणित मोबाइलवर करून दाखवलंत की समोरचा माणूस तुमच्याशी बोलायची पद्धत बदलतो. ते मी बघितलंय.

पायरी तिसरी: आकार आणि फर्मा

इथेच पैसा वाचतो किंवा जातो, म्हणून जरा थांबून वाचा.

बाजारात ताव ठरावीक आकारांत मिळतात. 20 बाय 30 म्हणजे डबल क्राउन. 23 बाय 36 पुस्तकांना, त्याचा अर्धा 18 बाय 23, त्याला आपल्याकडं डेमी म्हणतात. 25 बाय 36 मधून ए-फोरचे आठ कागद निघतात, म्हणून पत्रकं आणि माहितीपुस्तिकांना तो. मराठी पुस्तकांवर 'डेमी 1/8' असं लिहिलेलं असतं: 18 बाय 23 चे आठ तुकडे, कापून-सवरून सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच. 'क्राउन 1/8' त्याहून लहान, कापण्याआधी पाच बाय साडेसात, खिशातल्या पुस्तकाचा आकार.

तुम्हाला आवडलेला चौकोनी, सात बाय सात इंचाचा आकार यातल्या कोणत्याच तावात नीट बसत नाही. उरलेला कागद कातरण म्हणून जातो, आणि कातरणाचे पैसे तुम्हीच देता. आकार ठरवायच्या आधी प्रेसवाल्याला एकच प्रश्न विचारा: "हे कुठल्या तावात बसेल?"

फर्मा म्हणजे एका तावावर दोन्ही बाजूंनी छापून, घडी घालून तयार होणारा पानांचा गट. डेमी 1/8 मध्ये एक फर्मा 16 पानांचा. छपाईत पान म्हणजे पृष्ठ, पत्राची (पुस्तकातल्या एका सुट्या कागदाची) एक बाजू. 16 पानांच्या फर्म्यात आठच पत्रं असतात. हा घोळ कोटेशनात नेहमी होतो, म्हणून 'पृष्ठं' असंच लिहा.

समजा स्मरणिका 160 पृष्ठांची, डेमी 1/8, 500 प्रती. 160 भागिले 16, म्हणजे 10 फर्मे. 23 बाय 36 च्या एका तावात दोन फर्मे, म्हणून एका प्रतीला 5 ताव. 500 प्रतींना 2500 ताव, म्हणजे 5 रीम, 70 जीएसएम असेल तर साडेत्र्याण्णव किलो. त्यावर वेस्टेज, म्हणजे मशिन लावताना आणि बांधताना वाया जाणारे ताव. मशिन लावायला 500 प्रतींना जेवढे ताव जातात जवळजवळ तेवढेच 5000 ला जातात, म्हणून थोड्या प्रतींच्या कामात वेस्टेजचं प्रमाण मोठं दिसतं. त्यावर भांडू नका.

पृष्ठं 163 झाली तर? दहा फर्मे आणि तीन पृष्ठं. त्या तिनांसाठी वेगळी प्लेट (ज्यावरून छापतात तो धातूचा पत्रा), वेगळी घडी, वेगळं कापणं. संपादक मंडळाला सांगून तीन पृष्ठं कापा, किंवा जाहिराती आणून 168 करा. आठच्या पटीत राहिलात तर निभावतं, सोळाच्या पटीत राहिलात तर उत्तम.

फर्म्यात पानं अशी मांडतात की घडी घातल्यावर ती क्रमानं यावीत. त्या मांडणीला इम्पोझिशन म्हणतात. एक कोरा कागद घ्या, तीनदा मधोमध घडी घाला, कडांवर 1 ते 16 आकडे टाका आणि मग उलगडा. 1 च्या शेजारी 16, त्यांच्या डोक्याला डोकं लावून 8 आणि 9. या घडीला डमी म्हणतात. कुठल्या पानावर रंगीत फोटो टाकायचा हे डमी पुढ्यात ठेवून ठरवा: रंगीत पानं एकाच फर्म्याच्या एकाच बाजूला आणली तर बाकी सगळं एका रंगात, स्वस्तात होतं.

पायरी चौथी: फाइल

मराठी मजकुराचं पहिलं संकट फॉन्ट. पुष्कळ डीटीपी ऑपरेटर (संगणकावर मजकूर जुळवणारे) आजही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतात. तुम्ही मोबाइलवर टाइप करता ते युनिकोड. एकातून दुसऱ्यात नेताना कन्व्हर्टर लागतो, आणि तिथं रफार, 'ऱ्या', 'ऱ्हा', पाय मोडलेली अक्षरं, कंसातले आकडे मोडतात. मजकूर देण्याआधी ऑपरेटरला विचारा की त्याला युनिकोड चालतं का. चालत असेल तर वर्डची फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यानं मजकूर पाठवू नका. कुठला तुकडा शेवटचा, हे दोन दिवसांनी तुम्हालाही सांगता येत नाही.

फोटो छापायच्या आकाराला इंचामागे 300 ठिपक्यांचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. पडद्यावरचे रंग लाल-हिरवा-निळा या प्रकाशाचे, छपाईचे चार शायांचे: निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा, काळा. या चौकडीला सीएमवायके म्हणतात. मोबाइलवर झळकणारा भगवा किंवा पोपटी कागदावर थोडा बसका येतो, त्याला इलाज नाही. अगदी ठरावीक रंगच हवा असेल तर ती शाई वेगळी मिसळून घ्यावी लागते. तो स्पॉट रंग, आणि त्याला प्लेटही वेगळी.

कडेपर्यंत रंग न्यायचा असेल तर चित्र कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवतात, ते ब्लीड. नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ उरते. मजकूर मात्र कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवा.

बारीक मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंग एकावर एक छापून केलेला काळा, रंग जरासा सरकला की अक्षरांना सावल्या पाडतो. आणि गडद पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं टाळा. देवनागरीची उकाराची शेपटी, रफार, जोडाक्षरातल्या बारीक रेषा शाईनं भरतात, आणि लग्नपत्रिकेत नेमकं मुलीच्या आत्याचं नाव वाचता येत नाही.

पायरी पाचवी: प्रूफ

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, कागदावर काढून वाचा, पडद्यावर नको. एकदा मजकूर म्हणून, एकदा फक्त नावं आणि आकडे, एकदा फक्त शीर्षकं. शीर्षकातली चूक सगळ्यात उशिरा दिसते. दुरुस्ती ओळीत गिचमीड न करता समासात लिहा आणि ओळीतून रेघ काढा. दुसऱ्या प्रुफात आधीच्या खुणांबरोबर त्यांच्या आजूबाजूच्या ओळीही वाचा, कारण एक दुरुस्त करताना शेजारचं बिघडतं. शेवटी सही, तारीख आणि 'दुरुस्त्या करून छापा' किंवा 'छापा'. या सहीनंतरची चूक तुमची.

पायरी सहावी: मशिनवर काय घडतं

छपाईच्या पद्धती शाई कुठं बसते यावरून ओळखाव्यात. अक्षर उठावाचं असेल आणि शाई उंचवट्यावर बसत असेल तर लेटरप्रेस: खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे, चौकटीत आवळायचे, ट्रेडलवर (पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर) छापायचे. 1920 साली आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं तो काळ खिळ्यांचाच. याच्या उलट, धातूत खोदलेल्या खाचेत शाई भरून कागदावर उतरवायची ती खोदीव छपाई. तिचा मान आपल्या शेजारच्या मिरजेकडं आहे: 1805 मध्ये तिथले संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या देवनागरी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या कामांत तिची गणना होते. तिसरी, जाळीतून शाई खाली ढकलायची ती स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, स्टिकर. चौथी सपाट पत्र्यावरची, म्हणजे आजची ऑफसेट. शिवाय डिजिटल, तिला प्लेटच लागत नाही.

डिजिटल की ऑफसेट, हा प्रश्न प्रतींच्या संख्येवर सुटतो. ऑफसेटला सुरुवातीचा खर्च मोठा आणि पुढची प्रत स्वस्त. डिजिटलला पहिल्या प्रतीचा दर तोच शेवटच्या प्रतीचा. 50-100 प्रती असतील तर डिजिटल, हजार असतील तर ऑफसेट. मधल्या आकड्यांना दोन्हींचे दर मागवा.

ऑफसेटची गोम अशी की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर मजकुराची जागा तेलकट शाई धरते, कोरी जागा पाणी धरते. प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटवर जाते आणि ब्लँकेटवरून कागदावर. संगणकावरून थेट प्लेट निघते, ती सीटीपी. प्रत्येक रंगाला एक प्लेट, म्हणून चार रंगांच्या कामाला चार.

ताव आत ओढणारे चिमटे म्हणजे ग्रिपर; ते धरतात त्या कडेला साधारण अर्धा इंच छापता येत नाही. चारही रंग एकमेकांवर बरोबर बसले तर रजिस्टर जुळलं, नाहीतर हललं. दोन्ही बाजूंनी छापणं म्हणजे पाठपोट. यातला एक प्रकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे, वर्क अँड टर्न: मोठ्या तावाच्या एका बाजूवर फर्म्याची सोळाच्या सोळा पृष्ठं छापायची, ताव उलटून त्याच प्लेटनं मागे पुन्हा तेच छापायचं, आणि मधून कापायचं. एका तावातून एकाच फर्म्याच्या दोन प्रती. अर्ध्या आकाराच्या मशिनवर प्रत्येक फर्म्याला दोन प्लेट लागतात, इथं एक. वरच्या 160 पृष्ठांच्या स्मरणिकेला 20 ऐवजी 10. प्रेसकडं मोठं मशिन असेल तर हे जरूर विचारा.

पहिला नीट निघालेला ताव तुम्हाला दाखवून पास करून घेतात. रंगीत काम असेल तर त्या दिवशी प्रेसवर जा. रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडात. तावावर सही करून तो तिथंच ठेवा, पुढचे ताव त्याच्याशी ताडतात.

पावसाळ्यात कामाला दोन दिवस जास्त द्या. हवा दमट असली की शाई सावकाश सुकते आणि वरच्या तावाच्या पाठीला खालच्याची शाई लागते. कागदाला लाटा येतात, तो फुगतो, रजिस्टर हलतं. कागद गोदामातून आणल्या-आणल्या मशिनवर घेऊ नये, रीम एक दिवस मशिनच्या खोलीतच राहू द्यावी. आणि 2005, 2019, 2021 ही पुराची वर्षं बघितलेल्या सांगलीत तुमचा कागद किंवा तयार पुस्तकं तळमजल्यावर पडली आहेत का, हे जुलै-ऑगस्टमध्ये विचारण्यात काही गैर नाही.

पायरी सातवी: छपाईनंतरची कामं

घडी, जुळवणी, बांधणी, कापणी. 64 पृष्ठांपर्यंत मधोमध तार मारलेली सेंटर पिन पुरते. त्यापुढे परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठ खरवडून गरम गोंद. किंवा फर्मे दोऱ्यानं शिवून बांधणी. दहा वर्षं हाताळायचं पुस्तक शिवूनच घ्या. परफेक्टमध्ये गोंद कोरडा पडला की पानं सुटतात, आर्ट पेपरची तर लवकरच. मुखपृष्ठाच्या पाठीची रुंदी काढायची तर पत्रांची संख्या गुणिले एका पत्राची जाडी: 80 पत्रं आणि 90 मायक्रॉन असतील तर 7.2 मिलिमीटर. नेमकी जाडी कागद हातात आल्यावरच मोजा.

लॅमिनेशन चकचकीत किंवा मॅट. जाड कार्ड दुमडायचं तर आधी खाच पाडतात, ते क्रीझिंग. तिकिटाला फाडायची टिंबांची रेघ म्हणजे परफोरेशन, क्रमांक टाकणं म्हणजे नंबरिंग. आकार कापून काढायचा तर डाय, म्हणजे कापायचा साचा, लागते, आणि डायचे पैसे वेगळे.

बिलबुकाला कार्बनलेस कागद घेणार असाल तर क्रम सांगा: वरचा सीबी (लेप मागे), मधले सीएफबी (लेप दोन्हीकडं), खालचा सीएफ (लेप पुढे). क्रम चुकला तर खालच्या प्रतीवर काहीच उमटत नाही.

पायरी आठवी: कोटेशन आणि ताबा

कोटेशन मागताना हे कागदावर लिहून न्या: आकार, पृष्ठं, प्रती, आतल्या कागदाचं नाव आणि जीएसएम, मुखपृष्ठाचं नाव आणि जीएसएम, आत किती रंग आणि बाहेर किती, बांधणी, लॅमिनेशन, तारीख. तीन ठिकाणी हाच कागद दाखवला तरच दर एकमेकांशी ताडता येतात. अक्षरजुळणी, प्रुफांच्या फेऱ्या, प्लेट, डाय, वाहतूक आणि जीएसटी दरात धरलेत का, ते वेगळं विचारा. सगळ्यात कमी दर आला की आधी जीएसएम बघा.

निवडणुकीचं पत्रक असेल तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर छापणं सक्तीचं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 127-क प्रमाणे प्रकाशकानं सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यावं लागतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रेसवाला हे घोषणापत्र मागेल तेव्हा तो तुमच्यावर संशय घेत नसतो.

माल ताब्यात घेताना प्रती मोजा. वरची एक बघून समाधान मानू नका, गठ्ठ्याच्या मधून पाच-सहा काढून पानांचा क्रम तपासा. एखादा फर्मा दोनदा लागलेला किंवा उलटा लागलेला सापडला तर त्याच दिवशी दाखवा. शेवटचा हप्ता देण्याआधी छपाईची पीडीएफ आणि बदल करता येईल अशी मूळ फाइल, वापरलेल्या फॉन्टच्या नावांसह, पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइल देणार की नाही, हे मात्र कोटेशनच्याच दिवशी ठरवून ठेवा, कारण पुष्कळ ऑपरेटर ती आपली मानतात आणि दुसरी आवृत्ती निघेपर्यंत कुणाला तिची आठवण येत नाही.